घटक ६ : वादळ, वीज आणि सूचनेची भाषा

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला

• मराठवाड्यातील वळीव, गारपीट व वीज कोसळणे या आपत्तींचे स्वरूप सांगता येईल.
• हवामानाचा अंदाज, इशारा आणि सूचना यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• आपत्तीविषयक सूचना नेमक्या व सुबोध मराठीत लिहिता येईल.
• अभ्यासकेंद्रावर वादळ-विजेची रंगीत तालीम आखता येईल व तिचा अहवाल लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, निवेदन, इतिवृत्त, जाहिरात अशा लेखनप्रकारांचा विचार करतो. या प्रकारांत काही उणीव राहिली तर अर्ज परत येतो किंवा निवेदन दुर्लक्षित राहते. ती उणीव पुढे भरून काढता येते. आपत्तीच्या सूचनेला मात्र ही सवलत नाही. सूचना वेळेत पोहोचली नाही, अथवा पोहोचूनही समजली नाही, तर तिच्यामुळे झालेली हानी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच या लेखनप्रकाराचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

विवेचन मूर्त व्हावे यासाठी या घटकात आपण बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. समजा, दिंद्रुडमध्ये एक अभ्यासकेंद्र आहे. मे महिन्याचा शेवटचा रविवार आहे. संपर्कसत्रासाठी शंभर-सव्वाशे विद्यार्थी आले आहेत. कोणी शेतकरी, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी वाहनचालक, कोणी कारखान्याच्या हंगामावरून नुकतेच परतलेले ऊसतोड कामगार. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून काळे ढग चढू लागतात. अशा वेळी केंद्रावर कोण काय करील? ते कोणी ठरवले आहे काय? ठरले असल्यास ते सर्वांना माहीत आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हाच या घटकाचा विषय होय.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आपला प्रदेश आणि आपली वादळे

शैक्षणिक आवारातील वादळाच्या तालमीचा विषय निघाला की सामान्यतः अमेरिकेतील विद्यापीठांची उदाहरणे दिली जातात. त्या देशाच्या मध्य व आग्नेय भागांत टोर्नेडो वारंवार होतात. टोर्नेडोला मराठीत घूर्णवाती वादळ असा पारिभाषिक शब्द आहे. ढगापासून जमिनीपर्यंत उतरणारा, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ असे त्याचे स्वरूप असते. भारतात अशी वादळे विरळा होतात. तरी ती अगदीच अपरिचित नाहीत. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागात, दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात असे वादळ आले होते. अवघ्या काही मिनिटांत त्याने पंचवीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले.

मराठवाड्याचे दैनंदिन संकट याहून निराळे आहे. चैत्र-वैशाखात जमीन तापते, दुपारनंतर उष्ण हवा वेगाने वर चढते आणि तिच्यातील बाष्पाचे उंच ढग बनतात. या ढगांतून येणारा पाऊस म्हणजे वळीव. वळवाबरोबर सोसाट्याचा वारा, कडाडणाऱ्या विजा आणि काही वेळा गारा येतात. रोहिणी व मृग नक्षत्रांच्या काळात, म्हणजे पेरणीपूर्व कामांच्या ऐन धांदलीत, हा धोका मोठा असतो. पावसाळा परतताना, सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी चालू असताना, तो पुन्हा डोके वर काढतो. शेतात माणसे सर्वाधिक असतात तेच हे दिवस होत.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा आणि फळबागा तिने आडव्या केल्या. गारपिटीचे नुकसान डोळ्यांना दिसते, त्याचे पंचनामे होतात, छायाचित्रे छापून येतात. विजेचे बळी मात्र एकेक करून जातात. आज एका शिवारात एक, उद्या दुसऱ्या तालुक्यात दोन. त्यामुळे आपत्तीचा एकूण आकार लक्षात येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ व्यक्तींचा मृत्यू झाला. आधीच्या काही वर्षांचे आकडेही २,८०० च्या वरच आहेत. महाराष्ट्र शासनाने वीज कोसळणे ही राज्य आपत्ती म्हणून घोषित केली आहे, ती याच कारणाने.

६.२.२ वीज कशी मारते?

सूचना लिहिणाऱ्याला विषयाचे किमान ज्ञान असले पाहिजे. वीज म्हणजे ढग आणि जमीन यांच्यातील विद्युतभाराचा क्षणार्धात होणारा निचरा. तिच्या मार्गातील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ही हवा स्फोटासारखी प्रसरण पावते, तोच आपल्याला ऐकू येणारा गडगडाट.

प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो, तर ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो. म्हणून लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. हे अंतर ३० सेकंदांचे असेल, तर वीज सुमारे १० किलोमीटरवर आहे आणि पुढची वीज तुमच्याजवळ पडू शकते. त्याच क्षणी आसरा गाठावा. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर ३० मिनिटे आसरा सोडू नये. या दोन आकड्यांमुळे हा नियम 'तीस-तीसचा नियम' म्हणून ओळखला जातो. ज्याच्याजवळ मोबाइल नाही, त्यालाही तो वापरता येतो.

वीज थेट अंगावर पडूनच माणूस मरतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात अनेक जण तिच्या आडमार्गाने सापडतात. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून बाजूच्या माणसाकडे झेप घेते. जमिनीत शिरलेला प्रवाह भोवताली पसरतो आणि एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो. झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच वेळी दगावतात, त्यामागेही हेच कारण आहे. त्यामुळे शेतातील एकाकी झाड, बाजूंनी उघडी असलेली पत्र्याची शेड, खोप, मंडप यांपैकी काहीही आसरा ठरत नाही. पक्क्या स्लॅबची, वायरिंग व नळजोडणी असलेली इमारत आणि काचा बंद केलेले धातूच्या टपाचे चारचाकी वाहन हे तुलनेने सुरक्षित आसरे होत. इमारतीतही खिडक्या, नळ, चार्जिंगला लावलेली उपकरणे व तारेचा दूरध्वनी यांपासून दूर राहावे. दुचाकी आणि उघडा ट्रॅक्टर कोणतेही संरक्षण देत नाहीत.

काही लोकसमजांचाही येथे परामर्श घ्यावा लागेल. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत ग्रामीण भागात आजही आढळते. जन्माच्या वेळी बालकाचे पाय आधी बाहेर आले की डोके, याच्याशी विजेचा काहीही संबंध नाही. या समजुतीचे दोन तोटे आहेत : पायाळू व्यक्ती विनाकारण भयभीत राहते आणि इतर सर्व जण विनाकारण निर्धास्त. यांपैकी दुसरा तोटा अधिक घातक आहे. मोबाइल जवळ बाळगल्याने वीज ओढली जाते, हाही असाच गैरसमज. त्याच्यापायी कोणी मोबाइल बंद करून ठेवला, तर इशारा मिळण्याचे साधनच हातचे जाते.

६.२.३ आसऱ्याचा भ्रम

वाऱ्याच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १३ मे २०२४ रोजी मुंबईत अवकाळी पाऊस व धुळीचे वादळ आले. त्या वेळी घाटकोपर येथील पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. पंपाचे छत अनेकांना आसरा वाटले असेल. धोका त्या छताच्याही वर उभा होता. गावपातळीवर हाच धोका निराळ्या रूपांत असतो. पत्र्यावर वजनासाठी ठेवलेले दगड, प्रवेशद्वाराची कमान, सैल बांधलेला फ्लेक्स, जीर्ण भिंत, वाळलेली फांदी यांची पाहणी वादळापूर्वीच करावी लागते. केंद्राच्या आवारात चालताना 'येथे वारा सुटला तर वरून काय पडेल?' हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) लखलखाटानंतर १२ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. वीज किती अंतरावर पडली?
ब) झाडाला न टेकता त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसालाही विजेचा धोका का असतो?

६.२.४ अंदाज, इशारा आणि सूचना

बोलण्यात हे तीन शब्द आपण एकमेकांऐवजी वापरतो. या घटकात त्यांचा अर्थ वेगवेगळा घेतला आहे.

अंदाज म्हणजे पुढे काय घडण्याचा संभव आहे याविषयीचे शास्त्रीय विधान. १८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय अंदाज प्रसिद्ध करतो. याखेरीज पुढील सुमारे तीन तासांसाठी तो तात्कालिक अंदाजही देतो.

इशारा म्हणजे धोक्याची पातळी सांगणारे विधान. त्यासाठी हवामान विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे कृतीची आवश्यकता नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. हे रंग पाऊस किती पडणार एवढेच सांगतात, असे अनेकांना वाटते. त्यांचा खरा रोख आपण काय करावे याकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप वापरकर्त्याच्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची माहिती देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या व्यवस्थेद्वारेही इशारे मिळतात.

सूचना म्हणजे विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट माणसांनी काय करायचे ते सांगणारे विधान. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. 'बीड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस' हा अंदाज बालाघाटावरील पाटोद्यालाही लागू असतो आणि गोदावरीच्या खोऱ्यातील माजलगावलाही. त्यावरून दिंद्रुडच्या केंद्रातील विद्यार्थ्याने तीन वाजता कोठे जावे, हे कळत नाही. ते सांगणे हवामान विभागाचे कामही नव्हे. ते केंद्रसंयोजकाचे, मुख्याध्यापकाचे, सरपंचाचे, पोलीस पाटलाचे काम आहे. अंदाज दूरच्या कार्यालयात तयार होतो. सूचना गावातच तयार व्हावी लागते. या शेवटच्या टप्प्यावर भाषेची जबाबदारी सुरू होते.

अमेरिकेतील परिभाषेतही असाच भेद आहे. वादळास अनुकूल परिस्थिती असल्यास एक शब्द, आणि वादळ प्रत्यक्ष दिसल्यास अथवा रडारवर आढळल्यास दुसरा शब्द. पहिल्याचा अर्थ 'तयार राहा', दुसऱ्याचा 'आत्ता आसरा घ्या'. दुसरा शब्द उच्चारला जाताच विद्यापीठाच्या आवारातील माणसे खालच्या मजल्यावरील, खिडक्या नसलेल्या आतल्या भागात जातात, कारण त्याचा सराव आधी झालेला असतो. तरीही एक त्रुटी उरते. २७ एप्रिल २०११ रोजी अलाबामा राज्यातील टस्कालूसा शहरावर मोठे घूर्णवाती वादळ कोसळले. तेथील विद्यापीठाचे मुख्य आवार बव्हंशी बचावले. मात्र विद्यापीठाचे सहा विद्यार्थी शहरात मृत्युमुखी पडले.

मुक्त विद्यापीठाच्या दृष्टीने ही घटना विशेष विचार करण्याजोगी आहे. आपला विद्यार्थी आठवड्यातील सहा दिवस शेतात, रस्त्यावर, कामाच्या ठिकाणी असतो. त्याचे आवार कुंपणाने बांधलेले नाही. म्हणून केंद्रावर शिकलेली तालीम त्याच्याबरोबर शिवारापर्यंत गेली पाहिजे.

६.२.५ सूचनेची भाषा

पुढील सूचना वाचा.

"सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, संभाव्य प्रतिकूल हवामानविषयक परिस्थितीच्या अनुषंगाने विजेपासून आवश्यक ती खबरदारी घेण्यात यावी."

व्याकरणदृष्ट्या या वाक्यात दोष काढता येणार नाही. आता त्याला पाच प्रश्न विचारून पाहा. कोणी? कोठे? केव्हा? कशापासून? काय करावे? एकाचेही समाधानकारक उत्तर मिळत नाही.

पहिले कारण प्रयोगाचे आहे. 'खबरदारी घेण्यात यावी' या कर्मणी रचनेत कर्ता लुप्त होतो. ज्या वाक्यात कर्ता नाही, त्या वाक्यातील काम कोणाचेच नसते. कार्यालयीन पत्रव्यवहारात व्यक्तिनिरपेक्षतेसाठी ही रचना उपयुक्त ठरते. संकटाच्या सूचनेत ती अडथळा होते. येथे आज्ञार्थ वापरावा : 'या', 'थांबा', 'बसा', 'सोडा'.

दुसरे कारण शब्दाच्या अनेकार्थतेचे आहे. मराठीत 'वीज' हा शब्द आकाशातील लखलखाटालाही लागतो आणि तारेतील प्रवाहालाही. 'वीज पडली' आणि 'वीज गेली' या वाक्यांत तो एकच आहे. 'विजेपासून सावध राहा' अशी पाटी विद्युत रोहित्राजवळही असते. मराठवाड्याच्या बोलीने हा संभ्रम आपल्यापुरता सोडवला आहे. तारेतली ती 'लाईट' आणि आभाळातली ती 'ईज'. प्रमाण मराठीत लिहिताना 'आकाशातील वीज' किंवा 'वीज पडण्याचा धोका' असे स्पष्ट म्हणावे.

तिसरे कारण निषेधाच्या अपुरेपणाचे आहे. 'झाडाखाली थांबू नका' ही सूचना योग्य असली तरी अर्धी आहे. पावसात भिजणारा माणूस झाडाखाली जातो, कारण त्याला दुसरी जागा दिसत नाही. जेथे निषेध येतो तेथे पर्यायही यावा : 'झाडाखाली थांबू नका, शाळेच्या इमारतीत या'.

आता हीच सूचना अशी लिहून पाहू.

"आज, रविवार, दुपारी ३ ते सायंकाळी ६ या वेळेत दिंद्रुड परिसरात आकाशातील वीज पडण्याचा व जोराच्या वाऱ्याचा धोका आहे. टोल सलग वाजू लागताच मैदान, वाहनतळ आणि झाडाखालची जागा सोडा. तळमजल्यावरील मधल्या सभागृहात या. खिडक्यांपासून दूर बसा. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नका. – केंद्रसंयोजक"

वाक्ये आखूड आहेत. प्रत्येक वाक्यात एकच कृती आहे. कृतींचा क्रम घटनाक्रमाप्रमाणे आहे. शेवटी सूचना देणाऱ्याचे पद आहे, त्यामुळे तिला अधिकार प्राप्त होतो आणि अफवेपासून ती वेगळी ओळखता येते.

लिखित सूचनेप्रमाणेच मौखिक सूचनेचाही विचार करावा. दवंडीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आज तिची जागा ग्रामपंचायतीच्या किंवा मंदिराच्या ध्वनिक्षेपकाने घेतली आहे. ध्वनिक्षेपकावरून बोलताना वाऱ्यात निम्मे शब्द विरून जातात. म्हणून सूचना दोन-तीन वाक्यांची असावी, ती किमान तीनदा सांगावी आणि ऐकणाऱ्याच्या बोलीत सांगावी : "मंडळी, ईज पडायचा धोका हाय. रानातली माणसं आत्ताच गावाकडं निघा. झाडाखाली थांबू नका, जनावरं झाडाला बांधू नका." प्रमाणभाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे बोलीला कमी लेखू नये. जी भाषा कानावर पडताच पाय हलतात, ती त्या प्रसंगाची योग्य भाषा होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

अ) 'नारिंगी इशारा' कोणती कृती सुचवतो?
ब) 'वाहने झाडाखाली उभी करण्यात येऊ नयेत' हे वाक्य आज्ञार्थी रूपात, पर्यायासह लिहा.

६.२.६ रंगीत तालीम

नाटकाच्या पहिल्या प्रयोगापूर्वी रंगभूषा-वेशभूषेसह जी संपूर्ण तालीम होते, तिला रंगीत तालीम म्हणतात. आपत्ती व्यवस्थापनाने हा शब्द रंगभूमीकडून घेतला आहे. संहिता पाठ असणे आणि प्रयोग करता येणे यांत जे अंतर असते, तेच लिहिलेली सूचना आणि केलेली कृती यांत असते. ते अंतर तालमीने कमी होते. अभ्यासकेंद्रावरील तालमीचे टप्पे पुढीलप्रमाणे आखता येतील.

१) आसऱ्याची निवड. पक्क्या स्लॅबची, तळमजल्यावरील, कमी खिडक्यांची खोली निवडावी. उपस्थित सर्वांना ती पुरते का, हे प्रत्यक्ष बसवून पाहावे. व्हरांडा आसऱ्यात मोजू नये. इमारतीवर वीज अटकाव यंत्रणा असल्यास तिची जमिनीपर्यंतची जोडणी अखंड आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

२) संकेत. विजेवर चालणारी घंटा वादळात बहुधा बंद पडते, कारण पुरवठाच खंडित होतो. म्हणून हाताने वाजवायचा टोल किंवा शिट्टी ठरवावी. येथे मराठवाड्याच्या संदर्भात एक महत्त्वाची दक्षता घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाची स्मृती या विभागात खोलवर रुजली आहे आणि 'धोका म्हणजे बाहेर पडा' हा धडा लोकांनी तेव्हा घेतला आहे. भूकंपाचे हादरे थांबल्यावर किंवा आग लागल्यावर मोकळ्या मैदानात जावे लागते. वीज व वादळात नेमके उलट, मैदानातून आत यावे लागते. दोन्हींसाठी एकच घंटा ठेवली, तर सुरक्षेचा संकेतच माणसांना मरणाच्या दिशेने धाडील. म्हणून दोन संकेत ऐकताक्षणी वेगळे ओळखू आले पाहिजेत. उदाहरणार्थ, वादळासाठी सलग टोल आणि आग-भूकंपासाठी थांबून थांबून तीन-तीन ठोके.

३) कामांची वाटणी. ढगांवर व अ‍ॅपवर लक्ष कोण ठेवील, टोल कोण देईल, वाहनतळावरील माणसांना कोण आणील, मुख्य वीजपुरवठा कोण बंद करील, शिरगणती कोण करील, ही कामे समंत्रक व विद्यार्थी यांच्यात नावानिशी वाटावीत. प्रत्येक कामासाठी एक पर्यायी व्यक्ती असावी. लहान मुले घेऊन आलेल्या विद्यार्थिनी, वृद्ध आणि दिव्यांग विद्यार्थी यांच्या सोबतीला कोण, हे आधी ठरवावे.

४) परीक्षेचा प्रसंग. उन्हाळी परीक्षा आणि वळवाचे दिवस अनेकदा एकत्र येतात. पर्यवेक्षकाला शिस्तीची चिंता असते, विद्यार्थ्याला वेळ वाया जाण्याची. म्हणून लेखन थांबवण्याचा निर्णय कोणाचा, उत्तरपत्रिका बाकावरच ठेवायच्या की गोळा करायच्या, या प्रश्नांची उत्तरे परीक्षेच्या आधी वरिष्ठांकडून लेखी मिळवावीत. ऐन वेळी उद्‌भवलेला वाद मौल्यवान मिनिटे खातो.

५) प्रत्यक्ष तालीम व मोजणी. पहिला टोल पडल्यापासून शेवटची व्यक्ती आत येईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. हजेरीपत्रक आणि शिरगणती यांचा मेळ घालावा. किती जणांना टोल ऐकू आला नाही, कोण दुचाकी काढून घराकडे निघाले, कोणता दरवाजा कुलूपबंद आढळला, याची नोंद करावी. अशा उणिवा सापडणे हेच तालमीचे यश समजावे.

६) अर्ध्या तासाची कसोटी. आत येण्यापेक्षा आत थांबणे कठीण असते. पाऊस ओसरला, घरी जनावरे आहेत, अंधार पडण्यापूर्वी गाव गाठायचे आहे, अशी कारणे खरीच असतात. ढग पुढे सरकल्यावरही मागून वीज पडू शकते, हे कारणासह समजावून सांगावे. तालमीत हा अर्धा तास प्रत्यक्ष पाळावा. त्या वेळात प्रथमोपचाराचा पाठ घेता येईल.

६.२.७ वीज पडल्यास

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात प्रवाह शिल्लक राहतो, या भीतीने लोक त्याला हात लावत नाहीत. ही भीती निराधार आहे. विजेचा धक्का क्षणात संपतो आणि त्या शरीराला स्पर्श करणे सुरक्षित असते. विजेने माणसाचे हृदय किंवा श्वास थांबतो. वेळीच मदत मिळाली तर तो वाचू शकतो. जवळ विजा पडत असतील तर प्रथम त्याला सुरक्षित जागी हलवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. प्रतिसाद नसेल आणि श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहा. एकाहून अधिक जण जखमी असल्यास निपचित पडलेल्याकडे आधी वळा. जो विव्हळत आहे त्याचा श्वास चालू आहे.

उघड्या रानात अडकल्यास आणि आसरा मुळीच नसल्यास उंच जागा, पाणी, तारांचे कुंपण व एकाकी झाड सोडून दूर जावे. एकमेकांत अंतर ठेवून, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे; जमिनीवर आडवे पडू नये. याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून हा अखेरचा उपाय समजावा; खरा उपाय वेळेत निघणे हाच. मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक केंद्राच्या दर्शनी भागात लिहून ठेवावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तालमीचा अहवाल तहसील कार्यालयामार्फत त्यांच्याकडे पाठवता येईल.

६.३ सारांश

मराठवाड्यात वळीव, गारपीट व वीज ही नित्याची संकटे आहेत आणि शेतीकामाच्या ऐन दिवसांत ती येतात. अंदाज व इशारा देणारी व्यवस्था आज उपलब्ध आहे; तथापि त्यांचे रूपांतर सूचनेत करणे हे स्थानिक माणसाचे काम आहे. चांगली सूचना कोणी, कोठे, केव्हा, कशापासून व काय करावे हे सांगते, कर्ता लपवत नाही आणि निषेधाबरोबर पर्याय देते. सूचनेचे कृतीत रूपांतर तालमीने होते. वादळाचा संकेत भूकंप-आगीच्या संकेतापेक्षा वेगळा ठेवावा. ज्या बाईच्या हाती मोबाइल नाही, तिच्यापर्यंत कापसाच्या शेतात बातमी पोहोचली आणि ती वेळेत निघाली, तर ती सूचना पूर्ण झाली असे म्हणता येईल.

६.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

घूर्णवाती वादळ : ढगापासून जमिनीपर्यंत उतरणारा, वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ; टोर्नेडो.
तात्कालिक अंदाज : पुढील सुमारे तीन तासांसाठी दिलेला हवामानाचा अंदाज.
वीज अटकाव यंत्रणा : इमारतीवर पडणारी वीज सुरक्षितपणे जमिनीत नेणारी रचना.
रंगीत तालीम : प्रत्यक्ष प्रसंगाप्रमाणे सर्व तपशिलांसह केलेला सराव.
पायाळू : जन्माच्या वेळी ज्याचे पाय आधी बाहेर आले अशी व्यक्ती.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) सुमारे चार किलोमीटर. ब) वीज बुंध्यातून बाजूला झेप घेते, तसेच जमिनीतून भोवताली पसरते, म्हणून स्पर्श नसतानाही धोका असतो.
प्रश्न २ : अ) सज्ज राहणे. ब) 'वाहने झाडाखाली उभी करू नका, इमारतीमागील मोकळ्या वाहनतळावर लावा.' (अन्य योग्य पर्यायही ग्राह्य.)

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१) अंदाज, इशारा व सूचना यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) 'संकटाच्या सूचनेत कर्मणी रचना अडथळा ठरते.' या विधानाची चर्चा करा.
३) तुमच्या गावच्या ध्वनिक्षेपकावरून देण्यासाठी विजेच्या धोक्याची सूचना प्रथम प्रमाण मराठीत व नंतर तुमच्या बोलीत लिहा.

६.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या अभ्यासकेंद्रावर किंवा गावातील शाळेत मुख्याध्यापकांच्या संमतीने वादळ-विजेची एक तालीम घ्या. आसऱ्याची जागा, संकेत, लागलेला वेळ, शिरगणती व आढळलेल्या उणिवा यांचा सुमारे ५०० शब्दांत अहवाल लिहा. त्यानंतर तुमच्या शिवारात नेहमी काम करणाऱ्या, मोबाइल नसलेल्या तीन व्यक्तींना भेटा. वीज कडाडू लागल्यास त्या कोठे जातात, तेथून पक्का आसरा पायी किती मिनिटांवर आहे आणि त्यांना निरोप कोण देऊ शकेल, याची नोंद अहवालाला जोडा. मृग निघण्यापूर्वी ही नोंद ग्रामपंचायतीला द्या.